वणवा, गाव आणि स्वयंसेवक: ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचा इतिहास

अग्निशमन दल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नगरपालिकेचा लाल बंब, घंटा, गणवेशातले पगारी जवान असे शहरी चित्र उभे राहते. या पाठात आपण शहर सोडून बाहेर जाणार आहोत. जवळचे अग्निशमन केंद्र चाळीस-पन्नास किलोमीटर दूर आहे, उन्हाळा कडक आहे, वारा सुटला आहे आणि डोंगरापलीकडे धूर दिसतो आहे. अशा वेळी आग विझवायची कोणी?

या प्रश्नाला वेगवेगळ्या समाजांनी वेगवेगळी उत्तरे दिली. आपल्याकडे वसाहतकाळात दिलेले उत्तर भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ मध्ये आजही वाचायला मिळते. त्याकडे शेवटी येऊ. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातील व्हिक्टोरिया राज्याने दिलेले उत्तर वेगळे आहे: गावकऱ्यांचीच, बिनपगारी, पण कायद्याने स्थापन झालेली आणि हुकमाच्या साखळीत बांधलेली पथके. हे उत्तर एका दिवसात सापडले नाही. त्यासाठी शेकडो माणसे मेली, प्रत्येक मोठ्या वणव्यानंतर चौकशी बसली आणि प्रत्येक चौकशीनंतर 'स्वयंसेवक' या शब्दाचा अर्थ थोडा बदलला. हा बदलता अर्थ हाच आपल्या पाठाचा विषय आहे.

एक खुलासा आधीच करतो. मराठीत स्वयंसेवक म्हटले की गणेशोत्सवातला बिल्ला लावलेला कार्यकर्ता किंवा वारीत पाणी वाटणारा तरुण आठवतो. व्हिक्टोरियातला स्वयंसेवक तसा नाही. त्याला प्रशिक्षण घ्यावे लागते, कप्तानाचा हुकूम पाळावा लागतो, तो जखमी झाला तर कायद्याने भरपाई मिळते. फक्त पगार मिळत नाही.

भूमी आणि आग

इतिहास समजून घेण्याआधी तेथील निसर्ग समजून घेतला पाहिजे. व्हिक्टोरियाची जंगले प्रामुख्याने निलगिरीची आहेत. (आपल्या नीलगिरी पर्वतावर दिसणारी ही झाडे एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातूनच आणून लावली गेली, हे लक्षात असू द्या.) या झाडांच्या पानांत तेल असते, साल लांब पट्ट्यांच्या रूपाने सुटून लोंबत राहते आणि खाली वाळलेल्या पानांचा व फांद्यांचा थर साचतो. आग लागली की सालीचे पेटते तुकडे वाऱ्याबरोबर उडतात आणि मुख्य आगीच्या पुढे कित्येक किलोमीटरवर नवी आग लावतात. त्यामुळे एखादी नदी, रस्ता किंवा जाळरेषा आग अडवेल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय आग चढावर जास्त वेगाने धावते. उतार दर दहा अंशांनी वाढला की तिचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा तेथील अग्निशमनाचा ढोबळ नियम आहे.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाऱ्याची आहे. ती नीट समजून घ्या, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक दुर्घटना तिच्यातून निघते. उन्हाळ्यात खंडाच्या मधल्या वाळवंटावरून वायव्येचा तापलेला, कोरडा वारा व्हिक्टोरियावर येतो. अशा दिवशी लागलेली आग आग्नेय दिशेला लांब, अरुंद जिभेसारखी पसरते. दुपारनंतर नैर्ऋत्येकडून थंड हवेची लाट येते. लोकांना गारवा जाणवतो, संकट टळले असे वाटते. प्रत्यक्षात वाऱ्याची दिशा काही मिनिटांत बदललेली असते आणि त्या लांब जिभेची एक संपूर्ण बाजू, कधी कधी दहा-वीस किलोमीटर लांबीची, आगीचे नवे तोंड बनून पुढे निघते. आतापर्यंत जे आगीच्या कडेला सुरक्षित होते, तेच तिच्या वाटेत सापडतात. आग विझवणारे बहुधा कडेलाच काम करत असतात.

वसाहतीचा काळ

युरोपीय वसाहतवाले येण्यापूर्वी येथील आदिवासी समाज हजारो वर्षे आग वापरत होते. ठरावीक ऋतूत, ठरावीक जागी, कमी तीव्रतेची आग लावून गवत जाळणे, वाटा मोकळ्या ठेवणे, शिकारीसाठी कुरणे तयार करणे ही त्यांची रीत होती. वसाहतीच्या विस्ताराबरोबर हे समाज त्यांच्या भूमीवरून हुसकले गेले आणि त्यांच्याबरोबर आगीचे ते ज्ञानही बाजूला पडले. आलेले लोकही आग वापरत होते, पण वेगळ्या हेतूने. शेतकरी जमीन साफ करण्यासाठी, पशुपालक नव्या गवतासाठी, खाणकामगार खडक उघडा पाडण्यासाठी आग लावत. ती कुठवर जाईल याची फारशी फिकीर कोणी करत नसे.

६ फेब्रुवारी १८५१ रोजी, 'ब्लॅक थर्सडे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दिवशी, सुमारे ५० लाख हेक्टर प्रदेश होरपळला. हा व्हिक्टोरियाचा जवळपास चौथा भाग होता. वस्ती विरळ असल्याने माणसे सुमारे बाराच मेली. मेंढ्या मात्र दहा लाखांच्या घरात.

पुढील पन्नास-साठ वर्षांत गावोगाव लहान पथके तयार झाली. १८९० च्या कायद्याने शहरांतील व मोठ्या गावांतील अग्निशमनासाठी मंडळे आली, पण त्यांचा अधिकार वस्तीपुरता होता. रानातली आग ही ज्याच्या जमिनीवर लागली त्याची, किंवा सगळ्यांची, म्हणजे बहुधा कोणाचीच नाही. शेजारी जमत, ओल्या गोणपाटाने ज्वाळा झोडपत, पालेदार फांद्यांनी मारत, पुढे गवत खरवडून पट्टा मोकळा करत. पाठीवर पाण्याची टाकी आणि हातपंप ही त्या काळातली आधुनिक सामग्री होती. १९२६ च्या फेब्रुवारीत पुन्हा मोठी जीवितहानी झाली आणि त्यानंतर या रानपथकांना एकत्र आणण्यासाठी समिती नेमली गेली. तिच्याकडे अधिकार नव्हते आणि पैसाही नव्हता.

१९३९ आणि न्यायाधीश स्ट्रेटन

१३ जानेवारी १९३९, शुक्रवार. बरेच महिने पाऊस नव्हता. त्या दिवशी मेलबर्नमध्ये तापमान ४५.६ अंश सेल्सियसवर गेले. डोंगरात आधीपासून धुमसणाऱ्या अनेक लहान आगी वाऱ्याने एक झाल्या. ७१ माणसे मरण पावली. नार्बेथाँग, नूजी, वूड्स पॉइंट यांसारखी गावे नष्ट झाली, ६९ लाकूड गिरण्या जळल्या आणि राख समुद्र ओलांडून न्यूझीलंडपर्यंत पोचली.

या गिरण्यांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. लाकूड ओढून आणण्याचा खर्च वाचावा म्हणून त्या घनदाट जंगलाच्या आत होत्या आणि कामगारांची कुटुंबेही तेथेच राहत. बाहेर पडायला बहुधा एकच अरुंद वाट. काही ठिकाणी जमिनीत खणून केलेली आश्रयस्थाने होती, पुष्कळ ठिकाणी नव्हती. मॅटलॉकजवळच्या एका गिरणीवर १५ माणसे मेली. १९३९ नंतर गिरण्या हळूहळू जंगलातून उठून गावांत आल्या. अग्निसुरक्षेतला हा बहुधा सर्वांत परिणामकारक बदल होता, आणि तो करायला एकाही बंबाची गरज पडली नाही.

सरकारने न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले. त्यांचा अहवाल इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा असा आहे. लांबीने तो फार मोठा नाही, भाषा मात्र न्यायालयीन अहवालात क्वचितच भेटणारी आहे. निसर्गाच्या कोपाला दोष देऊन मोकळे होण्याचे त्यांनी नाकारले. या आगी माणसांच्या हातांनी लागल्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. साक्षीदार एकमेकांना सांभाळून घेत आहेत, कोणी नोकरीच्या भीतीने तर कोणी शेजाऱ्याच्या भीतीने सत्य दडपत आहेत, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. वनविभागाचे अधिकारी एका बाजूला, पशुपालक आणि शेतकरी दुसऱ्या बाजूला. आग कोणी लावली हे सांगायला कोणी तयार नाही, कारण जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी ती लावलेली.

येथे अभ्यासपद्धतीचा एक मुद्दा ध्यानात घ्या. चौकशी आयोगाचा अहवाल हे आपत्तीच्या इतिहासाचे मौल्यवान साधन आहे, कारण एरवी ज्यांचा आवाज कागदावर येत नाही अशी माणसे तेथे बोलतात: गिरणीकामगार, टपाल कार्यालयातील बाई, गुराखी. पण ती शपथेवर, वकिलासमोर आणि पुढे आपले काय होईल या काळजीत बोलतात. अहवाल वाचताना साक्षीत काय नाही हेही शोधावे लागते. स्ट्रेटन यांनी हे काम स्वतःच केले, म्हणून त्यांचा अहवाल टिकला.

त्यांनी सुचवले की थंड ऋतूत नियंत्रित आग लावून पालापाचोळा कमी करावा, गिरण्यांजवळ आश्रयस्थाने सक्तीची करावीत आणि ग्रामीण आगीसाठी एकच अधिकारी संस्था असावी. सरकारी जमिनीवरील आगीची जबाबदारी वनविभागाकडे लगेच गेली. गावांच्या बाजूचे काम मात्र अडून राहिले. पैसा कोणी द्यायचा यावर एकमत नव्हते, जुन्या मंडळांना आपला अधिकार सोडायचा नव्हता आणि त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले.

एकाच संस्थेचा जन्म

युद्धामुळे तरुण माणसे गावात उरली नव्हती. २२ डिसेंबर १९४३ रोजी वँगरॅटाजवळच्या गवताच्या आगीत दहा स्वयंसेवक मेले. जानेवारी आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये आणखी आगी लागल्या. यालूर्न येथे राज्याला वीज पुरवणाऱ्या कोळशाच्या खाणीपर्यंत आग पोचली. स्ट्रेटन यांना पुन्हा बोलावण्यात आले आणि पाच वर्षांपूर्वी आपण काय सांगितले होते याची आठवण त्यांनी सरकारला करून दिली. आता कायदा झाला. २ एप्रिल १९४५ रोजी 'कंट्री फायर ऑथॉरिटी'चे काम सुरू झाले.

तुमच्यापैकी काहींच्या मनात एक शंका येईल. माणसांचा बळी गेला तेव्हा नव्हे, वीजपुरवठा धोक्यात आला तेव्हा सरकार हलले, असे म्हणायचे का? तसे सरळ म्हणता येणार नाही, पण दोन्ही घटनांमधले अंतर पाहा आणि स्वतः विचार करा.

नव्या संस्थेने गावातली पथके मोडली नाहीत, त्यांना कायद्याच्या चौकटीत घेतले. पथक गावाचेच राहिले. त्याचा कप्तान सदस्यांनीच निवडायचा ही रीतही राहिली. लोकशाहीतल्या लहान संस्थांचा अभ्यास करणाऱ्याला ही गोष्ट विशेष वाटेल: ज्याच्या हुकमावर आगीत उतरायचे, त्याला मत देऊन निवडायचे. पथकांचे गट, गटांचे विभाग, त्यावर मुख्य अधिकारी अशी रचना झाली. खर्चाचा मोठा भाग विमा कंपन्यांच्या वर्गणीतून येई. ही व्यवस्था २०१३ पर्यंत टिकली. म्हणजे घराचा विमा काढणारा माणूस अग्निशमनाचा भार उचलत होता आणि न काढणारा फुकट लाभ घेत होता. २००९ च्या आयोगाच्या शिफारशीनंतर ती बदलून सर्व मालमत्तांवर अधिभार आला.

पथकाचे रोजचे जीवन कसे असे? गावाच्या कडेला पत्र्याची शेड, आत पाण्याची टाकी बसवलेला ट्रक, भिंतीवर नकाशा आणि कप्तानांच्या नावांचा फलक. भोंगा वाजला की दुकानदार गल्ला बंद करतो, शिक्षक वर्ग दुसऱ्याकडे सोपवतो, शेतकरी दूध काढणे अर्धवट टाकून निघतो. पुष्कळ शेतकऱ्यांच्या स्वतःच्या गाड्यांवरही लहान टाकी आणि पंप असतो. पथकाचा ट्रक यायच्या आत गवताची आग अनेकदा तेच विझवतात. आगीचे काम उन्हाळ्यातले. हिवाळ्यात यंत्रे दुरुस्त करणे, रस्त्याकडेचे गवत जाळणे, नव्या पोरांना नळी धरायला शिकवणे आणि ट्रकसाठी वर्गणी गोळा करणे चालते. बराच काळ स्त्रिया 'साहाय्यक मंडळा'त, म्हणजे चहा, भाकरी आणि दूरध्वनी सांभाळणाऱ्या, अशा नोंदवल्या गेल्या. प्रत्यक्षात आगीची बातमी घरोघर पोचवणारी साखळी त्यांच्याच हातात होती. पथकांच्या जुन्या दप्तरांत त्यांची नावे शोधताना दमछाक होते.

किंमत

१६ फेब्रुवारी १९८३ रोजी, 'ॲश वेन्सडे'ला, व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत मिळून ७५ माणसे मेली. त्यांत आग विझवणारे १७ होते. अपर बीकन्सफील्ड येथे संध्याकाळी वारा बदलला आणि नारे वॉरन व पँटन हिल या गावांचे बंब डोंगरातल्या रस्त्यावर वेढले गेले. त्यांवरची माणसे परतली नाहीत.

२ डिसेंबर १९९८ रोजी लिंटन येथे पुन्हा तेच झाले. गीलाँग वेस्ट पथकाचा बंब आगीच्या कडेला, दुसऱ्या एका बंबाबरोबर होता. वारा बदलला आणि मिनिटांत आग दोघांवरून गेली. एका बंबावरची माणसे वाचली, गीलाँग वेस्टचे पाचही स्वयंसेवक मेले. बंबात स्वतःवर फवारण्यापुरते पाणी शिल्लक असणे किती निर्णायक असते, हे या घटनेने दाखवले. कॉरोनरच्या दीर्घ चौकशीचा अहवाल २००२ मध्ये आला.

लिंटननंतर जे बदलले ते बारकाईने पाहा. आगीवर जाणाऱ्या प्रत्येकाने किमान कौशल्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केलाच पाहिजे असे ठरले. टाकीतले काही पाणी पथकाच्या स्वतःच्या बचावासाठी राखून ठेवायचे, ते आगीवर वापरायचे नाही, हा नियम पक्का झाला. आगीची कड आणि अजून न जळलेले रान यांच्या मधल्या जागेला नाव देऊन ती प्रशिक्षणात शिकवली जाऊ लागली. पण जुने शेतकरी नाराज झाले. चाळीस वर्षे आग पाहिलेल्या माणसाला वर्गात बसवून आग म्हणजे काय हे सांगायचे? काही जणांनी पथक सोडले. ही नाराजी केवळ अहंकाराची नव्हती. स्थानिक अनुभव आणि प्रमाणित प्रशिक्षण या दोन्हींना ज्ञान म्हणून दर्जा आहे, आणि दोन्ही अपुरी आहेत. शेतकऱ्याला आपला डोंगर माहीत असतो. शेजारच्या जिल्ह्यातला डोंगर नसतो, आणि लिंटनला बाहेरगावची पथकेच मदतीला आली होती. माझ्या मते येथे प्रशिक्षणाची बाजू बळकट आहे, तरी ज्या पथकांतून जुनी माणसे गेली त्यांचे नुकसान कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

थांबायचे की निघायचे

१९८३ नंतरच्या संशोधनातून दोन गोष्टी पुढे आल्या होत्या. पुष्कळ घरे प्रत्यक्ष ज्वाळांनी नव्हे तर छपरात व फटींत शिरलेल्या ठिणग्यांनी जळतात. कोणी आत थांबून त्या विझवल्या तर घर वाचते. आणि पुष्कळ माणसे अगदी शेवटच्या क्षणी गाडी घेऊन पळताना रस्त्यावर मरतात. यातून धोरण आले: तयारी करून थांबा व घराचा बचाव करा, नाहीतर लवकर निघा. उशिरा निघू नका. धोरण समजायला सोपे होते, आणि स्वयंसेवक पथकांनी हिवाळ्यातल्या बैठकांत, शेडमध्ये खुर्च्या मांडून, शेजाऱ्यांना ते समजावले.

७ फेब्रुवारी २००९, शनिवार. मेलबर्नमध्ये ४६.४ अंश. किलमोर ईस्ट येथे विजेची तार तुटून लागलेली आग किंगलेकच्या डोंगरावर चढली. त्या एका आगीत ११९ माणसे मेली, राज्यात एकूण १७३. मेरीसव्हिल हे पर्यटकांचे टुमदार गाव जवळपास पूर्ण नष्ट झाले. राज्यभरात दोन हजारांहून अधिक घरे जळाली. मृतांपैकी ११३ जण घरांच्या आत सापडले.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. थांबून बचाव करण्याच्या धोरणाचा पाया त्याने हलला. काहींची तयारी अपुरी होती, काहींची चांगली होती तरी ते मेले, काही थांबलेही नव्हते आणि निघालेही नव्हते, इशाऱ्याची वाट पाहत होते. इशारे अनेक ठिकाणी उशिरा आले, काही ठिकाणी आलेच नाहीत. बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनचा अंतिम अहवाल जुलै २०१० मध्ये आला. धोरण पूर्णपणे रद्द झाले नाही. पण सर्वांत भीषण दिवसांसाठी धोक्याची एक नवी वरची पायरी ठरवण्यात आली, आणि अशा दिवशी थांबण्याचा पर्याय समजूच नका, आदल्या रात्री किंवा पहाटेच निघा, असे सांगितले जाऊ लागले.

आणखी एक गोष्ट. त्या दिवशी अनेक पथके आगीत सापडली, तरी कामावर असलेल्या एकाही पथकाचा बळी गेला नाही. लिंटनचे धडे कामाला आले. पण ज्यांच्यासाठी पथके होती ते नागरिक मोठ्या संख्येने मेले. गावातली प्रत्येक दारात एक बंब उभा राहील ही अपेक्षा कधीच खरी नव्हती; २००९ नंतर ती उघडपणे बोलून दाखवावी लागली. किंगलेकसारख्या ठिकाणी पथकातल्या माणसांनी शेजाऱ्याचे घर वाचवले आणि स्वतःचे गमावले, किंवा दुसऱ्या गावात आग विझवत असताना आपल्या घरचा फोन लागत नव्हता.

वादळे

वणवा हा या व्यवस्थेचा एक भाग झाला. वादळे आणि पूर यांसाठी 'स्टेट इमर्जन्सी सर्व्हिस' ही वेगळी सेवा आहे. तिचे मूळ शीतयुद्धाच्या काळातील नागरी संरक्षण दलात आहे: अणुबॉम्ब पडला तर काय करायचे याची तयारी करणारी माणसे प्रत्यक्षात पुराच्या पाण्यातून शेजाऱ्यांना काढू लागली आणि पुढे तेच त्यांचे मुख्य काम झाले. हेही स्वयंसेवकच, केशरी गणवेशातले. छपरावर ताडपत्री बांधणे, रस्त्यावर पडलेली झाडे करवतीने कापणे, वाळूच्या पिशव्या रचणे असे हे काम. जून २०२१ च्या वादळात मेलबर्नजवळच्या डँडेनाँग डोंगरात प्रचंड झाडे उन्मळून घरांवर व तारांवर पडली, काही घरांत कित्येक आठवडे वीज नव्हती. अशा वेळी आगीची आणि वादळाची पथके हद्दी पाहत नाहीत. लहान गावांत तर दोन्हीकडे बरीच माणसे तीच असतात, फक्त जाकीट बदलते.

पगार, मान आणि राजकारण

आता आपण अवघड भागाकडे येतो. मेलबर्न शहर वाढत गेले तशी जुनी गावे त्याची उपनगरे बनली. तेथील केंद्रांत पगारी जवान नेमले गेले. एकाच छताखाली पगारी आणि बिनपगारी. २०१६ मध्ये पगारी जवानांच्या संघटनेशी व्हायच्या कराराने वाद पेटला. पगारी अधिकाऱ्याने स्वयंसेवकांच्या वर बसावे का, कोण कोणाला हुकूम देणार, हा मूळ प्रश्न. राज्याच्या मंत्री जेन गॅरेट यांनी राजीनामा दिला, प्रीमियर डॅनियल अँड्र्यूज यांच्या सरकारने संस्थेचे संचालक मंडळच बरखास्त केले. १ जुलै २०२० पासून पगारी जवान नव्या 'फायर रेस्क्यू व्हिक्टोरिया'कडे गेले आणि कंट्री फायर ऑथॉरिटी पुन्हा स्वयंसेवकांची संस्था झाली. हा बदल करणाऱ्या २०१९ च्या कायद्यातच आणखी एक तरतूद होती: ठरावीक प्रकारचे कर्करोग अग्निशमनाच्या कामामुळेच झाले असे गृहीत धरून भरपाई द्यायची, पगारी जवानांना आणि स्वयंसेवकांनाही. पथकाच्या शेडमध्ये या तरतुदीची चर्चा जास्त झाली असावी.

त्या कायद्यानंतरचाच उन्हाळा, २०१९-२०, संपूर्ण आग्नेय ऑस्ट्रेलियाला महिनोन्महिने पुरला. शेजारच्या न्यू साउथ वेल्समधली रूरल फायर सर्व्हिस ही जगातली सर्वांत मोठी स्वयंसेवी अग्निशमन सेवा मानली जाते. तिचे सुमारे सत्तर हजार सदस्य आहेत. तरीही माणसे पुरली नाहीत. स्वयंसेवकाने दोन-चार दिवस काम सोडून येणे वेगळे आणि सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत येत राहणे वेगळे. २९ डिसेंबर २०१९ रोजी पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी दहा दिवसांहून अधिक काम केलेल्या स्वयंसेवकांना दिवसाला ३०० डॉलर, कमाल ६,००० डॉलर, अशी भरपाई जाहीर केली. ती स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांना व लहान-मध्यम उद्योगांत काम करणाऱ्यांना होती. याचे काहींनी स्वागत केले. काहींना वाटले की पैसा आला की शेजारधर्म संपतो. त्या हंगामात आगीत थेट मेलेल्या ३३ जणांपैकी नऊ आग विझवणारे होते.

कलम ७९ कडे

आता भारतीय कायद्याकडे वळू. वन अधिनियमाचे कलम ७९ सांगते की राखीव किंवा संरक्षित वनात हक्क असणाऱ्या, तेथून लाकूड वा चारा नेण्याची परवानगी असणाऱ्या किंवा तेथे गुरे चारणाऱ्या माणसाने आगीची माहिती दिली पाहिजे आणि ती विझवायला मदत केली पाहिजे. न केल्यास शिक्षा. हे कर्तव्य आहे, पण स्वेच्छेचे नाही. त्याला शेड नाही, ट्रक नाही, निवडलेला कप्तान नाही.

अशा सक्तीचे काय होते, याचा धडा कायदा होण्यापूर्वीच कुमाऊंमध्ये मिळाला होता. १९११ ते १९१७ या काळात तेथील वने राखीव झाली, गावकऱ्यांचे चराईचे आणि लाकडाचे हक्क आवळले गेले, वर बेगार होतीच. १९२१ च्या उन्हाळ्यात चिडाच्या जंगलांत शेकडो आगी लागल्या. बऱ्याच मुद्दाम लावलेल्या होत्या, आणि विझवायला बोलावलेले गावकरी आले नाहीत. कमिशनर पर्सी विंडहॅम यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार समिती बसली, बराचसा वनप्रदेश मोकळा करावा लागला, आणि १९३१ मध्ये वन पंचायतींचे नियम आले. ज्या जंगलावर गावाचा हक्क आहे त्याची राखण गाव करील, हा त्यामागचा विचार. व्हिक्टोरियातले स्वयंसेवक बहुतांशी आपली शेते, आपली घरे वाचवायला धावतात हे आठवा. कुमाऊंच्या गावकऱ्याला जे वाचवायला सांगितले जात होते ते त्याचे राहिले नव्हते.

तुलना येथेच थांबवू नका. व्हिक्टोरियातली ती 'आपली' जमीन आदिवासींकडून घेतलेली होती. आणि कुमाऊंमध्ये आज वन पंचायती असल्या तरी आगीच्या हंगामात डोंगरावर जाणारी माणसे बरीचशी हंगामी आहेत. १३ जून २०२४ रोजी अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या वनविभागाच्या पथकाला वेढा पडला आणि चार जण त्याच दिवशी मेले. त्यांत वनकर्मचाऱ्याबरोबर काही महिन्यांसाठी नेमलेला फायर वॉचर होता आणि रोजंदारीवरचा कामगारही होता. पुढच्या तासाला येताना लिंटननंतर बदललेले नियम पुन्हा वाचून या: किमान प्रशिक्षण, राखीव पाणी, भरपाई. त्यांतले कोणते बिनसरच्या रोजंदारी कामगाराला लागू होते, यावर आपण चर्चा करू.